सतरा नंबरच्या कुप्या

१

"बाई, सतरा नंबर गेला."

सोमवारी सकाळी साडेनऊला तंत्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गुडघा शेकत बसले होते. आमच्या धंद्यात 'गेला' या शब्दाचा अर्थ एकच. मी विचारलं, "कधी? घरचे होते का जवळ?"

"तसा नाही हो बाई. चोरीला गेला. तुम्ही येता का?"

निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली. त्याआधी अडतीस वर्षं मी सूक्ष्मदर्शकाखाली गाठींचे काप बघत होते, म्हणून विद्यार्थ्यांनी मला 'भिंगबाई' असं नाव ठेवलं होतं. माझ्या कानावर ते येणार नाही असं त्यांना वाटायचं. आता हॉस्पिटलशी नातं उरलंय ते एवढंच की संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीची मी अध्यक्ष आहे. कुणाचं काही बिनसलं की आधी मला बोलावतात, कारण म्हातारीला कुणी घाबरत नाही.

तिसऱ्या मजल्यावरची ती प्रयोगशाळा म्हणजे दोनच खोल्या. काम चालायचं एका डॉक्टरचं. आतड्याच्या कॅन्सरवर औषधं देणारा माणूस, वय बावन्न, एके काळचा माझा विद्यार्थी. बारा वर्षं तो एकाच प्रश्नाला चिकटून बसला होता: पहिले काही महिने जे औषध गाठ वितळवतं, तेच औषध पुढे तिच्यापुढे हात का टेकतं? तीन हॉस्पिटलांतून रुग्णांच्या गाठींचे तुकडे यायचे. त्यांतल्या पेशी इथे वाढवल्या की त्यांचे मोहरीहून लहान गोळे तयार होत. त्या गोळ्यांवर औषध घालून बघायचं, मरतात की तगतात. तुकड्यावर रुग्णाचं नाव नसे, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा ती यादी पाकिटात बंद, पाकीट माझ्या कपाटात कुलपात. नाव कळलं की निकाल बघणाऱ्याचा हात थरथरतो, म्हणून हा नियम.

एकतीस नंबर होते. पण औषध सुरू व्हायच्या आधीचा तुकडा आणि चार महिने औषध घेतल्यानंतरचा तुकडा, असे दोन्ही जिवंत मिळाले होते ते एकाच माणसाचे. तो सतरा नंबर.

आणि आता सतराच्या पेशींच्या गोठवलेल्या कुप्या, वहीतलं पान, संगणकातले फोटो, सगळं नाहीसं झालं होतं. बाकी तीस नंबर जागच्या जागी.

मी पोहोचले तर डॉक्टर दारातच उभा होता. वाळला होता. मला वाटलं तो संतापलेला असेल, निदान हादरलेला तरी. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, उगाच तसदी घेतलीत. एकच नमुना आहे, जाऊ द्या. चौकशी नको."

बारा वर्षांच्या कामाचा गाभा चोरीला गेला होता, आणि हा म्हणत होता जाऊ द्या.

२

मी तंत्रज्ञापासून सुरुवात केली. बावीस वर्षं तो त्या टाकीची निगा राखतोय. टाकीत द्रव नायट्रोजन, त्यात कुप्यांचे डबे बुडवलेले. घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसा तो टाकीबद्दल बोलतो.

"शुक्रवारी संध्याकाळी सगळं होतं," तो म्हणाला. "आज महिन्याची बैठक. सर आठवड्याला आकडे बघत नाहीत, महिन्यातून एकदा बैठकीतच बघतात. म्हणून सकाळी मी वही काढून ठेवायला गेलो तर ही अशी."

"किल्ली?"

"खणात. आम्हा तिघांना माहीत. सर, मी आणि आपली पोरगी."

पोरगी म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. स्वतः डॉक्टर झालेली, पण रुग्ण सोडून चार वर्षं या खोलीत राबणारी.

मी वही हातात घेतली. एक पान ब्लेडने मुळाशी कापलं होतं, रेघ मारल्यासारखं सरळ. त्या पानाच्या पुढच्या बाजूला सतरा नंबर होता, म्हणजे मागच्या बाजूला अठरा नंबर असणार. तो गेला नव्हता. कापलेल्या कडेला एक नवा कागद चिकटवला होता आणि त्यावर अठरा नंबरचे सगळे आकडे बारीक, सुटसुटीत छापील अक्षरांत उतरवले होते. एका आकड्यावर तंत्रज्ञाने पूर्वी खाडाखोड करून तारीख घातली होती, ती खाडाखोडसुद्धा तारखेसकट उतरवली होती.

अठरा नंबरच्या अनोळखी रुग्णाचं नुकसान होऊ नये म्हणून हा चोर तासभर बसला होता.

"आणखी काय कमी आहे इथलं?"

तंत्रज्ञाने इकडेतिकडे पाहिलं. "थर्मोकोलचा एक डबा. आणि सुका बर्फ. शुक्रवारी पेटी भरून आली होती. दोन दिवसांत थोडा उडतोच, पण एवढा नाही."

ज्याला पेशी नष्ट करायच्या असतील त्याने कुप्या टेबलावर ठेवल्या असत्या तरी काम झालं असतं. याने बर्फात घालून नेल्या होत्या. चोराला सतरा नंबर जिवंत हवा होता.

"कुप्या किती होत्या?"

"सहा," तो म्हणाला, आणि मग मान खाली घातली. "खरं सांगू का बाई? सात. उन्हाळ्यात टाकी बदलली तेव्हा एक दुसऱ्या डब्यात सरकवली होती मी. नोंद करायची राहून गेली. माझीच चूक."

त्याने जाडे हातमोजे चढवून झाकण उचललं. पांढरा धूर जमिनीवर उतरला. कोपऱ्यातल्या डब्यातून त्याने एक कुपी वर काढली आणि माझ्याकडे बघितलं. सातवी जागेवरच होती.

३

मुलगी बाहेरच्या खोलीत बसली होती. डोळे सुजलेले. तिच्यासमोर चहा थंड होऊन साय धरलेला.

"तुझं काय गेलं?" मी विचारलं.

"माझ्या प्रबंधाची चार प्रकरणं सतरावर आहेत बाई. सतरा नसेल तर प्रबंध नाही."

"निकाल काय होता सतराचा?"

"पहिल्या तुकड्याचे गोळे प्लॅटिनम असलेल्या नेहमीच्या औषधाने नव्वद टक्के मेले. दुसऱ्या तुकड्याचे मेलेच नाहीत. मग मी दुसऱ्या गटातलं औषध घालून बघितलं. त्यानेही काही नाही."

"म्हणजे त्या माणसाला..."

"पुढे काय द्यायचं ते माहीत नाही," ती म्हणाली. "आपल्याकडच्या दोन्ही औषधांना गाठीने ओळखलंय."

"शनिवार-रविवार कुठे होतीस?"

"लायब्ररीत."

तेवढ्यात औषध कंपनीचा माणूस आला. सगळे त्याला मागून 'साबण' म्हणतात, कारण कुठूनही धरला तरी तो निसटतो. प्लॅटिनमचं औषध त्याची कंपनी विकायची, आणि शनिवारी दुपारी तो याच मजल्यावर दिसला होता.

"मॅडम, देवाशप्पथ, मी सरांना भेटायला आलो होतो, सर नव्हते," तो म्हणाला. "कंपनीचं म्हणाल तर आम्हाला असले नमुने जपून ठेवण्यात रस. पुढच्या औषधाची तयारी त्यातूनच होते. पण किल्ली कुठली आणि पासवर्ड कुठला? मला इथे साधा पंख्याचा खटका सापडत नाही."

"शनिवारी इथे कोण दिसलं?"

त्याने आठवून पाहिलं. "दिसलं कुणी नाही. पण आतल्या खोलीचा दिवा चालू होता. दारावर टकटक केली तर तो बंद झाला."

४

डॉक्टर त्याच्या खोलीत खुर्चीत टेकून बसला होता. मी समोर बसले. बाहेर ऊन तापलेलं, आणि खोलीतला पंखा मात्र बंद.

"अरे, किती उकडतंय. पंखा तरी लाव."

"नको वाटतो हल्ली."

त्याने शिपायाला पाणी आणायला सांगितलं. माझ्यासाठी माठातलं, स्वतःसाठी गरम. शिपाई स्टीलचे दोन पेले घेऊन आला. डॉक्टरने माझा गार पेला माझ्याकडे सरकवण्यासाठी हात पुढे केला, मग तो थांबला, खिशातून रुमाल काढला आणि रुमालाने धरून पेला सरकवला.

मी पाणी प्यायले. त्याच्या शर्टाचं एक बटण एक घर सोडून लागलं होतं. आयुष्यभर टापटीप राहिलेला माणूस.

"चौकशी का नको तुला?" मी विचारलं.

"चौकशी म्हटली की यादी उघडावी लागेल. रुग्णाचं नाव बाहेर येईल. त्याने विश्वासाने दिलंय सगळं."

"मी यादी उघडणार नाही."

"शब्द द्या."

"दिला. आता या कागदावर सही कर, चौकशी सुरू झाल्याची."

त्याने पेन धरलं. बोटांत धरून ते दोनदा फिरवलं, जणू ते आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. सही वाकडीतिकडी आली. त्याने ती पाहिली आणि मी पाहिली हे त्याने पाहिलं.

जिन्यावर येऊन मी कठड्याला धरून उभी राहिले. प्लॅटिनमचं ते औषध घेणाऱ्या माणसाला गार वस्तूचा स्पर्श सुईसारखा टोचतो. गार पाणी गिळताना घशात काचा उतरतात. महिने जातात तशी बोटं बधिर होतात, बटण लागत नाही, पेन कळत नाही. हे मीच त्याला शिकवलं होतं का, आठवत नाही. पण त्याने शेकडो रुग्णांना नक्की समजावून सांगितलं होतं.

माझे पाय आपोआप कार्यालयाकडे वळले. हजेरीपट मागितला. गेल्या सहा महिन्यांत डॉक्टरची रजा होती एका आड एक आठवड्याने, गुरुवार आणि शुक्रवार. त्या औषधाच्या डोसांची फेरी बरोबर अशीच असते. आणि एकदा सलग तीन दिवस. सतराचा दुसरा तुकडा आमच्याकडे आला ती तारीख त्या तीन दिवसांत होती.

कपाटातलं पाकीट मी उघडलं नाही. गरजच उरली नव्हती.

५

बैठकीची वेळ तीनची होती. मी मुलीला गच्चीच्या जिन्यावर गाठलं. माणसं रडायला तिथेच जातात, हे मला जुनं ठाऊक आहे.

"बस इथे," मी म्हटलं. "मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग."

ती बसली.

"चोराला कुप्या जिवंत हव्या होत्या, म्हणून बर्फ. चोराला दुसऱ्या रुग्णाच्या आकड्यांची पर्वा होती, म्हणून अठरा नंबर उतरवून ठेवला. म्हणजे चोर आपल्यातलाच, साबण नव्हे. राहिले तिघं. तंत्रज्ञ असता तर त्याने सात कुप्या नेल्या असत्या. सातवी कुठे आहे हे त्यालाच माहीत होतं. नेणाऱ्याने नोंदवही बघून सहाच नेल्या. सर असते तर... सरांच्या हातांना साधा गार पेला धरवत नाही. बर्फात हात कुठून घालणार? आणि ते बारीक अक्षर त्या बोटांनी लिहिता येणार नाही. मग तूच उरलीस. सगळ्यांत जास्त नुकसान तुझं, म्हणून कुणी तुझ्याकडे बघितलं नाही."

ती नाही म्हणाली नाही.

"तुला कधी कळलं?"

"मे महिन्यात," ती म्हणाली. "ऐन उन्हाळ्यात सरांनी गरम पाणी मागितलं. मी गंमत केली, सर, घसा बसलाय का. ते हसले. मग रुमाल दिसला. मग रजा. मी तारखा लावल्या. लावायला नको होत्या, तेव्हापासून प्रत्येक वेळी सतराच्या गोळ्यांची प्लेट उचलताना..." ती थांबली. "पहिल्या तुकड्याचे गोळे मेले तेव्हा मी एकटीने पेढे आणून खाल्ले, बाई. कुणाला सांगता येईना, पण मला एवढा आनंद झाला. आणि मग दुसरा तुकडा आला. शुक्रवारी मी शेवटचे फोटो घेतले. सगळे गोळे टवटवीत. आज तीन वाजता मला उभं राहून ते सरांना दाखवायचे होते, आणि ते नेहमीसारखं विचारणार होते, हं, सतराचं काय झालं."

"कुप्या कुठे आहेत?"

"माझी एक मैत्रीण दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत आहे. त्यांच्याकडे तिसऱ्या गटातलं एक औषध तपासतात. तिच्या हाती दिल्या. मला फक्त दोन महिने हवे होते, बाई. काहीतरी लागू पडलं असतं तर मी सगळं परत ठेवून सांगितलं असतं. परवानगी मागितली असती तर यादी निघाली असती, सरांना कळलं असतं."

"म्हणून सगळ्यांनाच अंधारात ठेवलंस."

"हो."

"त्याला आज ना उद्या कळणारच होतं."

"आज नको होतं मला," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खाली कुणीतरी खाकरलं. जिन्याच्या वळणाआड डॉक्टर उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

६

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी त्या दुपारी थांबता येईल. मी अहवालात सगळं खरं लिहिलं. समितीने मुलीला सहा महिने प्रयोगशाळेतून बाहेर काढलं, आणि मीच तो ठराव मांडला, कारण रुग्णाने विश्वासाने दिलेली वस्तू मायेपोटी नेली तरी ती नेलेलीच असते. ती परत आली आणि प्रबंध पुरा केला. तिसऱ्या औषधाचं उत्तर सात आठवड्यांनी आलं. गोळे त्यालाही बधले नाहीत. डॉक्टर त्यानंतर पाच महिने होता. सतराच्या दोन तुकड्यांची तुलना करताना प्रयोगशाळेतल्या लोकांना पेशींतला एक बदल सापडला, जो औषध निकामी व्हायच्या दीड महिना आधीच दिसतो. आता त्या हॉस्पिटलात तो तपासतात. दिसला की औषध थांबवतात, माणसाची बोटं तरी वाचतात. एवढंच साधलं. हे थोडं की फार, ते मला ठरवता येत नाही.

त्या दुपारी डॉक्टर जिना चढून वर आला. धाप लागली होती. तो तिच्या शेजारच्या पायरीवर बसला.

"पान कुठे आहे?" त्याने विचारलं.

तिने पिशवीतून कापलेलं पान आणि फोटोंचा पेन ड्राइव्ह काढला. त्याने पान मांडीवर ठेवलं, चष्मा वर केला आणि एकेक आकडा वाचला, दुसऱ्या कुठल्याही रुग्णाचा वाचावा तसा. मधे एकदा विचारलं, "हा तिसरा आकडा दोनदा मोजलास?"

"तीनदा, सर."

"बरं." त्याने पान घडी न घालता परत दिलं. "काम चोख आहे. पण हे काढून घ्यायचा अधिकार तुला नव्हता. माझ्याकडून मागे राहण्यासारखं हे एवढंच आहे, आणि तेच तू उचललंस."

"चुकलं, सर."

"रुग्णाला निकाल सांगितला का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "नाही."

"मग सांग. तू डॉक्टर आहेस. चार वर्षं प्लेटींत तोंड घालून विसरली असशील, पण आहेस."

मी उठू लागले तर त्याने मला हाताने बसवलं. मुलगी उठली. खालच्या पायरीवर आली, त्याच्या समोर, डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीत येतील अशी बसली.

"तुमचं औषध आता काम करत नाहीये," ती म्हणाली. "दुसरंही करेल असं वाटत नाही. आणखी एक बघतोय, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सध्याचं बंद केलं तर तुमच्या हातांना थोडा आराम पडेल. दुखलं तर त्यावर औषध आहे, ते आम्ही कमी पडू देणार नाही."

"किती दिवस?"

"महिने म्हणता येतील. वर्ष म्हणवत नाही."

त्याने मान हलवली. "घरी कुणी सांगायचं?"

"तुमच्या घरी माहीत नाही?"

"आजार माहीत आहे. औषध लागू पडतंय असं मी सांगत आलो. दर वेळी रिपोर्ट चांगला आला म्हणून सांगितलं." तो प्रथमच खाली बघत बोलला. "शेकडो लोकांना सांगितलं असेल मी. बायकोला सांगायला नाही जमलं."

"मी येते," मुलगी म्हणाली.

त्या दिवशी बैठक झाली नाही. चार वाजता आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. दोन रस्ते पलीकडे, दुसरा मजला. त्याच्या बायकोने दार उघडलं. ओला हात पदराला पुसत तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. आम्ही कुणीच अजून तोंड उघडलं नव्हतं.

ती दारातून बाजूला झाली.

"चौथ्या रिपोर्टापासूनच मला कळलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मग तिने मुलीच्या हातातली पिशवी काढून घेतली. "तू ये आत. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुझ्या तोंडावर. आधी दोन घास खा, मग सगळं नीट सांग मला. काही वगळू नकोस."